सांबरशिंगी चाकू आणि मंतरलेले तांदूळ

हसायचं असेल तर आधीच पोटभर हसून घ्या बुवा. कारण किस्सा माझ्याच मूर्खपणाचा आहे, आणि तो सांगता सांगता माझं स्वतःचं हसू दरवेळी मध्येच कुठेतरी विझतं. चहा घ्या, गार होतोय. सांगतो.

तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो. भोर संस्थानात, वरंधा घाटाकडच्या हिर्डोशीला शाळामास्तर. भोरहून निघायचं ते पायी. सकाळी निघालेला माणूस दिवस मावळायच्या आत पोचला तर तो चांगला चालणारा! गावात भात आणि नाचणी सोडली तर फारसं काही पिकत नव्हतं, पण मास्तरला मान असा की मी शिंकलो तरी दोन घरांतून काढा यायचा.

आणि मला एक खोड होती. कुणाला तपकिरीची असते, कुणाला विडीची. मला चाकूंची!

छे छे, दचकू नका! भोसकाभोसकीचे नव्हेत हो. लहान, घडीचे, खिशात राहणारे. मिटला की बोटाएवढा, उघडला की जेमतेम वीतभर. असे सात चाकू होते माझ्याकडे. आई विचारायची, "अरे, हात दोन आणि चाकू सात, करतोस काय त्यांचं?" मी म्हणायचो, एक पोरांचे बोरू तासायला, एक पेन्सिलीला, एक पेरू कापायला, एक काटा काढायला... चौथ्याच्या पुढे मलाच काम सुचायचं नाही.

खरं सांगू? काम काहीच नव्हतं. एकट्यानं घाटाकडची वाट चालताना हात आपोआप खिशात जातो, बोटांना ती गुळगुळीत मूठ लागते, आणि उगाच बरं वाटतं. ज्याला ही खोड नाही त्याला ते समजायचं नाही, आणि ज्याला आहे त्याला सांगायला नको.

भोरच्या बाजारात इमामचाचा शिकलगार बसायचे. धार लावणं हा त्यांचा धंदा, पण मनात आलं तर चाकू घडवायचे. जुन्या कानशीचं पातं, पितळेचे खिळे, आणि मूठ हाताला लागेल त्या शिंगाची किंवा लाकडाची. मी तासन्‌तास त्यांच्या समोर बसायचो. ते म्हणायचे, "मास्तर, चाकू मिटताना बोलला पायजे. मुका चाकू घ्यायचा न्हाई." मग मुठीतल्या कमानीवर तेलाचा थेंब सोडून मिटायचे. टक्!

माझा सातवा चाकू त्यांनीच केला. मूठ सांबराच्या शिंगाची, वर नैसर्गिक खाचा, टोकाला लोण्यासारखा पिवळट रंग. ते शिंग तेवढंच उरलं होतं, म्हणून तसा दुसरा होणार नव्हता. आणि त्याचं ते टक्! इतर सहा चाकू मी त्या दिवसापासून ट्रंकेत टाकले.

आता धोंडीतात्यांबद्दल सांगायला हवं. मी त्यांच्या घरी राहायचो, त्यांच्याच चुलीवरचं जेवायचो. वय चाळिशीचं, अंगानं काटक, बोलणं कमी. त्यांच्या बायकोला सगळा गाव आक्का म्हणे, म्हणून मीही. आणि एक मुलगी, हौसा.

रोज संध्याकाळी तात्या शेतातून आले की ओसरीवर माझ्याशेजारी टेकायचे आणि म्हणायचे, "बघू, मास्तर."

काय बघू, ते सांगावं लागत नसे. मी सांबरशिंगी काढून द्यायचो. तात्या आधी हात धोतराला पुसायचे. मग उघडायचे, अंगठा पात्यावरून आडवा फिरवायचे, मिटायचे. टक्. पुन्हा एकदा. टक्. आणि परत द्यायचे. एकदा मात्र म्हणाले, "मास्तर, मरायच्या आदी असला येक आपल्या कमरंला असावा, येवढीच हौस हाय बगा."

मी काय म्हणालो असेन? "घ्या की तात्या, भोरला गेलात की!" अगदी सहज. तसा दुसरा होणार नाही हे मला ठाऊक असताना! माझ्याकडे सात होते हो, आणि एक त्यांना द्यावा असं मनात एकदाही आलं नाही.

त्या वर्षी हौसाचं जमत आलं. सारोळ्याचं घर. नीरेच्या पुलाजवळ मळा, विहीर, दोन बैलजोड्या. डोंगरातल्या माणसाला असली सोयरीक मिळणं म्हणजे लॉटरीच. सोयरे सुपारी फोडायला येणार होते. सुपारी फुटली की लग्न पक्कं, तोवर काहीच पक्कं नाही. आक्कांनी दोन दिवस आधीपासून घर सारवून काढलं होतं. हौसाला मुलगा पसंत होता का? अहो, ती त्या दिवशी सकाळपासून एकच उंबरा तीनदा पुसत होती!

सोयरे आले नऊजण. आदल्या दिवशी भोरला मुक्काम करून, पुढची वाट पायी तुडवत. त्यांचे म्होरके म्हणजे मुलाचे चुलते, आबा. मोठ्या मिशा, मोठा फेटा, आणि आवाज त्याहून मोठा. मी गावचा मास्तर म्हणून मानाच्या जागी, माझा एकुलता एक काळा अल्पाकाचा कोट घालून बसलेला.

आबा लंगडत होते. टाचेत काटा मोडला होता.

झालं! मला तर वाटलं, देवानंच संधी दिली. मी कोटाच्या खिशातून सांबरशिंगी काढला, जरा उंच धरूनच उघडला, आणि असा अलगद काटा काढला की आबांच्या तोंडून हाय सुद्धा निघालं नाही.

"वा मास्तर! बगू तरी ह्ये हत्यार!"

आणि चाकू फिरायला लागला. नऊ सोयरे, नऊ वेळा टक्. मी शिंगाची माहिती सांगतोय, कानशीच्या पोलादाची सांगतोय, इमामचाचांची सांगतोय. नवरा मुलगा राहिला बाजूला, माझ्या चाकूचंच लग्न लागायला निघालं होतं. शेवटी तो तात्यांच्या हातात आला. त्यांनी पत्रावळींच्या गठ्ठ्याची दोरी त्या चाकूनं कापली, पातं पुसलं आणि मिटला.

तेवढ्यात आतून हाक आली, "पानं मांडली, चला." मी बोलत बोलतच उठलो, कोट खुंटीला अडकवला आणि पंगतीला बसलो.

जेवण झालं, विडे झाले. मी कोट घातला आणि सवयीनं हात खिशात घातला.

खिसा रिकामा!

दुसरा खिसा, रिकामा. आतला खिसा, रिकामा. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहिलं, तात्यांच्या हातात मिटलेला चाकू. आणि मी, शहाणपणाचा अर्क, भर ओसरीत विचारलं, "तात्या, माझा चाकू तुमच्याकडेच राहिला का हो?"

"दिला की, मास्तर. तुमच्याच हातात."

"नाही हो. मला आठवत नाही."

"दिला वो. तुमी बोलत हुता."

"मग गेला कुठं?"

एवढ्यावर थांबायचं ना? नाही! मी घोंगडी झटकली, पत्रावळी उलटल्या, सोयऱ्यांच्या पानसुपारीच्या चंच्या उचकल्या. आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि फेटा सोडायला घेतला.

"आबा, हे काय?"

"झडती घ्या आमची. सोयऱ्याच्या दारात आल्यालो, चोर म्हनून जायाचं न्हाई."

त्यांचं बघून बाकीचे आठही फेटे सोडायला लागले. मी घाबरलो. सोयरे दुखावले तर सुपारी राहील! म्हणून दोन्ही हात जोडून, अगदी मनापासून म्हणालो, "अहो नाही नाही! तुमच्यापैकी कुणावर माझा काडीचाही संशय नाही!"

आबांनी विचारलं, "मग कुनावर हाय?"

बघा! ओसरीवर माणसं दोनच प्रकारची. सोयरे आणि घरचे. सोयरे मी माझ्या तोंडानं मोकळे केले होते. सगळ्यांनी हळूच तात्यांकडे पाहिलं. मी "तसं नव्हे" म्हणायला तोंड उघडलं, पण तसं नव्हे तर कसं, ते मला सुचेना.

आबा म्हणाले, "राग मानू नगा, पर दुसऱ्याच्या वस्तूला हात लावनारं घर असंल तर तितली पोर आमी कशी न्यावी? सुपारी ऱ्हाऊ द्या आज."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. हौसाच्या हातातलं असणार.

तात्या उभे राहिले. "भैरोबाम्होरं बेल-भंडारा उचलतो. चला."

"शपथ काय, कुनीबी घेतंय," आबा म्हणाले. "तांदूळ खायाचं. समद्यांनी. आमी बी."

आता आजच्या माणसांना हे सांगायला हवं. तेव्हा चोर शोधायची ही आमच्या भागातली रीत होती. गुरवानं तांदूळ मंतरायचे, ज्याच्या त्याच्या तोंडात चिमूटभर टाकायचे. चावायचं आणि पळसाच्या पानावर थुंकायचं. खऱ्या माणसाचं पीठ ओलं येतं. चोराचं तोंड भीतीनं सुकतं आणि तांदूळ कोरडाच बाहेर पडतो. मी शिकलेला मास्तर, माझा असल्या गोष्टींवर विश्वास? मुळीच नव्हता. पण बोललो का? तेही नाही.

गुरव आंघोळ करून, ओल्या धोतरानं ताम्हन घेऊन आला. मागून सगळं गाव. मी गर्दी टाळून भिंतीला टेकून खाली बसलो, तर कमरेच्या मागे काहीतरी टोचलं.

सरकून बसलो. पुन्हा टोचलं. हात मागे नेला. कोटाच्या खालच्या काठात, कापड आणि अस्तराच्या मध्ये, बोटाएवढं, कडक, खाचाखाचांचं काहीतरी...

अरे देवा!

चाकू वागवून वागवून माझ्या खिशाला तळाशी भोक पडलं होतं. तात्यांनी चाकू दिला होता. मी बोलण्याच्या नादात तो खिशात सोडला होता, आणि तो गेला होता अस्तरात, पार पाठीमागे.

उठायचं होतं आणि सांगायचं होतं. "सापडला, मी गाढव आहे," पाच शब्दसुद्धा नाहीत. पण समोर पाहिलं. नऊ माणसांच्या डोक्याला फेटे नाहीत. आक्का दाराआड डोळ्यांना पदर लावून. ओलेता गुरव मंत्र पुटपुटतोय. सारा गाव जमलाय. म्हटलं, आत्ता सांगितलं तर मास्तरकीची अब्रू काय राहील? त्यापेक्षा तांदूळ होऊ देत. सगळे खरेच आहेत, सगळ्यांचं पीठ ओलंच येणार. मग मी पत्रावळींच्या ढिगातून चाकू "शोधून" काढीन आणि सगळे हसत घरी जातील. किती हुशार बघा मी!

सोयऱ्यांपासून सुरुवात झाली. नुकतेच विडे खाल्लेले, त्यामुळे पीठ ओलं तर होतंच, वर लालभडक. आबांचं पान बघून गुरव म्हणाला, "खरा बी हाय आन रंगेल बी." गर्दीत खसखस पिकली. माझाही जीव जरा भांड्यात पडला.

मग तात्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. सोयरे जेवले होते, मी जेवलो होतो. यजमान म्हणून मागं राहिलेले तात्या सकाळपासून उपाशी होते, पाण्याचा घोटही नव्हता. ओठ सुकून पांढरे झालेले. त्यांनी चिमूट तोंडात टाकली. जबडा हलतोय, गळ्याची घाटी वर-खाली होतेय आणि चेहऱ्यावर घाम. अहो, भीती काय फक्त चोरालाच वाटते? ज्याच्या मुलीचं लग्न एका चिमटीवर अडलंय त्याला वाटत नाही? त्यांचा तांदूळ कोरडा पडणार हे मला चक्क दिसत होतं. चाकू माझ्या पाठीला टोचत होता. आणि मी बोललो नाही.

ते क्षण आठवले की आजही मला माझी शरम वाटते. उगाच थट्टा करत नाही, खरंच वाटते.

तात्या वाकले आणि थुंकले. गुरवानं बोटानं पीठ चोळलं, पुन्हा चोळलं. "ओलं हाय."

आत आक्का मटकन खाली बसल्या. मी एवढा मोठा सुस्कारा सोडला की शेजारचा वळून बघायला लागला. सुटलो! आता पत्रावळींकडे जायचं.

"मास्तर," गुरवानं ताम्हन माझ्यापुढे धरलं. "तुमी बी."

"मी? अहो, माझाच तर गेलाय!"

"नेम हाय. ज्याचं ग्येलं त्यानं बी खायाचं."

"मला... मला तांदूळ सोसत नाही."

"रोज ताटभर भात खाता की वो आमच्यात!" कुणीतरी मागून ओरडलं.

घेतली चिमूट. टाकली तोंडात. आणि काय सांगू! तोंडात ओल म्हणून नाही. जीभ टाळूला चिकटली. चिंचेची आठवण काढली, कैरीची काढली, लिंबाच्या लोणच्याची काढली. छे! दाताखाली नुसती वाळू. थुंकायला वाकलो तर ठसका लागला, आणि पांढरं कोरडं पीठ भसकन उडालं ते थेट गुरवाच्या ओल्या छातीवर.

मग एक म्हातारी स्पष्ट म्हणाली, "अगं बया! मास्तरच चोर!"

"सोताचाच चाकू चोरला व्हय?" आबांचे डोळे कपाळाला गेले.

आता लपवून काय उपयोग? मी कोट काढला, काठ चाचपून दाखवला. "इथे आहे," म्हणालो. मग चाकू बाहेर काढायला गेलो. तो येतोय कुठं! भोकातून आत गेला होता, पण उलटा भोकाशी येईना. अस्तर कापायला हवं. कापायला चाकू हवा. आणि चाकू अस्तरात!

"कुणाकडे चाकू आहे का हो?" मी विचारलं.

मग मात्र जे हसू फुटलं! आबा तर भिंत धरून हसले. आक्कांनी आतून विळी आणली आणि माझ्या एकुलत्या एका कोटाचं अस्तर टरकावलं. सांबरशिंगी पायाशी पडला. गुरव छातीवरचं पीठ झटकत म्हणाला, "चोरी न्हवतीच. पर तांदळानं चोर बराबर काडला."

आबांनी डोळे पुसले आणि फेटा बांधला. "तात्या, चुकी झाली आमची. आना ती सुपारी." सुपारी फुटली, वैशाखात लग्न लागलं, हौसा सारोळ्याला सुखात नांदली. म्हणजे सगळं नीट झालं, म्हणायचं.

त्या हसण्यात तात्या मात्र नव्हते. ते पाहुण्यांसाठी पाणी आणायला गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाकू घेऊन त्यांच्याकडे गोठ्यात गेलो. रात्रभर वाक्यं जुळवली होती, एकही आठवेना. नुसता हात पुढे केला. "तात्या, हा तुमचा. ठेवा."

त्यांनी हात धोतराला पुसले. चाकू घेतला. उघडला, अंगठा पात्यावरून फिरवला.

"रागावलात?" मी विचारलं.

"न्हाई वो. तुमी पोरवयाचं." मग म्हणाले, "काल तोंड पार वाळलं हुतं, मास्तर. काय क्येल्या पानी सुटंना. हौसा दारात दिसली, तवा जीब दाताखाली धरली म्या. कचकन. तवा कुठं ओल आली."

चोरी न केलेल्या माणसाला खरं ठरायला स्वतःची जीभ चावावी लागली होती, आणि मी भिंतीला टेकून बघत होतो.

तात्यांनी चाकू मिटला. टक्. पुन्हा उघडून मिटला. टक्. आणि माझ्या हातात परत ठेवला.

"नगं, मास्तर. लई ग्वाड हाय, पर नगं. ह्यो माझ्या कमरंला दिसला की लोक म्हनतील, बगा, तवाच मारला हुता त्यानं."

मी पुष्कळ आग्रह केला. ते हसले आणि म्हशीला चारा घालायला वळले.

त्यानंतर मी दोन वर्षं त्यांच्या घरी होतो. संध्याकाळी ते ओसरीवर टेकायचे, पाऊसपाण्याचं बोलायचे, "बघू" मात्र कधी म्हणाले नाहीत. आता तुम्हीच सांगा, काय म्हणायचं याला? तात्या सगळ्या गावासमोर खरे ठरले, म्हणून त्यांना तो चाकू जन्मात बाळगता आला नाही. आणि मी चोर ठरलो, म्हणून तो अजून माझ्याच खिशात आहे.